शरीरांतील निरोपे



'सायटोकाइन' हा शब्द २०२० सालापूर्वीं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांखेरीज फारसा कोणाच्या कानीं पडला नव्हता. कोविडच्या साथींत तो घरोघरीं शिरला. रोगी विषाणूनें दगावतो, तसाच त्या विषाणूविरुद्ध शरीरांत उठलेल्या 'सायटोकाइनच्या वादळा'नेंहि दगावतो, असें आपण त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून वाचलें. आणि रक्तांतील 'इंटरल्यूकिन-६' किती वाढलें आहे, हें सांगणारे प्रयोगशाळेचे कागद कित्येक कुटुंबांनीं धडधडत्या छातीनें उघडून पाहिले. साथ ओसरली, शब्द मागें राहिला, आणि त्याजबरोबर एक गैरसमजहि राहिला. सायटोकाइन म्हणजे शरीरांत निर्माण होणारें एखादें विष असावें, असा तो गैरसमज. वस्तुतः हीं प्रथिनें शरीरांत नसतीं, तर पायांत मोडलेला कांटादेखील आपल्याला जीवघेणा ठरता.

हीं प्रथिनें करतात तरी काय, तीं रक्षक केव्हां असतात आणि घातक केव्हां होतात, हें समजून घेण्यासाठीं आज मी वादळाचें उदाहरण घेणार नाहीं. वादळ येतें तसें निघून जातें. मी घेणार आहें तें उदाहरण संथ गतीनें चालणाऱ्या, वर्षानुवर्षें सोबत करणाऱ्या आणि आपल्या विदर्भाच्या फार परिचयाच्या अशा एका रोगाचें. तो रोग म्हणजे कुष्ठरोग. सायटोकाइनांच्या कार्याचा इतका स्पष्ट पुरावा मनुष्याच्या रोगांत क्वचितच सांपडेल. आणि त्या ज्ञानाचा आपल्या भागांतील कुटुंबांना आजहि प्रत्यक्ष उपयोग आहे.

प्रथम या प्रथिनांची ओळख करून घेऊं. शरीरांतील एका भागाची वार्ता दुसऱ्या भागास कळण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला मज्जातंतूंचा, तो तारायंत्रासारखा, ठराविक तारेवरून ठराविक ठिकाणीं जाणारा. दुसरा अंतःस्रावांचा; मधुमेहांत ज्याची उणीव भासते तें इन्सुलिन हें त्याचें घरगुती उदाहरण. तिसरा मार्ग सायटोकाइनांचा. एक पेशी आपल्या शेजारच्या पेशीला, कधीं स्वतःलाच, आणि प्रसंगीं दूरच्या यकृताला वा मेंदूला जो निरोप धाडते, तो नेणारें सूक्ष्म प्रथिन म्हणजे सायटोकाइन. म्हणून मराठींत यांना 'निरोपे' म्हणावयास हरकत नाहीं.

हा निरोप अत्यल्प प्रमाणांत निघतो, थोडा वेळ टिकतो, आणि ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याला अनुरूप असा ग्राहक असेल तिलाच तो कळतो. कुलुपाला स्वतःचीच किल्ली लागावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय एकच निरोप निरनिराळ्या पेशी निरनिराळ्या रीतीनें अमलांत आणतात. इंटरल्यूकिन-६ यकृतापर्यंत पोंचलें कीं यकृत एक विशिष्ट प्रथिन भराभर बनवूं लागतें. डॉक्टर ज्याला 'सी.आर.पी.' म्हणतात आणि ज्याची तपासणी करवितात, तेंच हें प्रथिन. मेंदूला तोच निरोप मिळाला कीं अंगांत ताप चढतो. फ्लू झाला असतां अंग मोडून येणें, हुडहुडी भरणें, अन्नावरची वासना जाणें, नुसतें पडून राहावेंसें वाटणें, हीं सारीं लक्षणें आपण जंतूच्या माथीं मारतों. तीं बव्हंशीं आपल्याच निरोप्यांनीं घडविलेलीं असतात.

या प्रथिनांचा शोध एकाएकीं लागला नाहीं. १९५७ सालीं लंडन येथें ॲलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमान या दोघा संशोधकांना असें आढळलें कीं, विषाणूंशीं संबंध आलेल्या पेशी एक पदार्थ बाहेर टाकतात, आणि तो ज्यांना मिळाला त्या इतर पेशींवर विषाणूंची मात्रा चालत नाहीं. विषाणूच्या कामांत अडथळा आणणारा म्हणून त्याला त्यांनीं 'इंटरफेरॉन' हें नांव दिलें. पुढें असे पदार्थ एकामागून एक सांपडत गेले. त्या सर्वांसाठीं १९७४ सालीं स्टॅनले कोहेन यांनीं 'सायटोकाइन' हें नांव सुचविलें. पेशी आणि चलन या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तें बनलेलें आहे. आज अशीं शंभराच्या वर प्रथिनें ज्ञात आहेत.

त्यांची नांवें पाठ करण्याची आपल्याला गरज नाहीं. एक भेद मात्र लक्षांत ठेवावा. कांहीं निरोपे चेतविणारे असतात, कांहीं शमविणारे. चेतविणारे सांगतात, 'शत्रु आला, रक्तवाहिन्या रुंद करा, पांढऱ्या पेशी इकडे धाडा, ताप चढवा.' शमविणारे सांगतात, 'काम झालें, आतां आवरा.' जखमेभोंवतीं दिसणारा लालपणा, सूज, ऊब आणि ठणका हें पहिल्यांचें काम. चार दिवसांनीं ती सूज ओसरून कातडी पूर्ववत् होते, हें दुसऱ्यांचें. आरोग्य म्हणजे या दोहोंचा योग्य वेळीं साधलेला तोल. तो कोणत्याहि बाजूस ढळला तर काय होतें, हें कुष्ठरोग आपल्याला दाखवितो.

आतां वर्ध्याकडे वळूं. नागपुराहून वर्धा पाऊणशें किलोमीटर. त्याच्या लगत दत्तपूर येथें १९३६ सालीं मनोहर दिवाण यांनीं विनोबांच्या प्रेरणेनें कुष्ठरोग्यांच्या सेवेस आरंभ केला. १९३९ सालीं संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री या रोगानें जर्जर होऊन सेवाग्रामला आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांना आश्रमांत ठेवून घेतलें आणि स्वतःच्या हातांनीं त्यांच्या अंगाला मालिश केलें. १९५१ सालीं वर्ध्यास 'गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली. रोगी दवाखान्यांत येण्याची वाट न पाहतां गांवोगांव पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार हीं तीन कामें एकत्र चालविण्याची पद्धति तिनें घालून दिली. वरोऱ्याचें आनंदवन आणि अमरावतीचें तपोवन हीं नांवें तर सर्वश्रुतच आहेत. इतक्या जवळ इतकें काम झालेलें असूनहि, या रोगांत शरीराच्या आंत नेमकें काय घडतें, याची माहिती आपल्या सुशिक्षित घरांतूनहि थोडीच आहे.

कुष्ठरोगाचा जंतु १८७३ सालीं नॉर्वेमध्यें हान्सेन यांनीं शोधून काढला. हा जंतु विलक्षण आळशी आहे. आंतड्यांतील साधे जंतु अनुकूल स्थितींत वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. याला त्यासाठीं सुमारें बारा ते चौदा दिवस लागतात. त्यामुळें शरीरांत शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पांच वर्षें, आणि कधीं कधीं वीस वर्षेंहि जातात. त्याला शरीराचे थंड भाग आवडतात: कानाच्या पाळ्या, नाक, हात, पाय. आणि त्याच्या राहण्याच्या जागा मुख्यतः दोन. एक, जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी. दुसरी, मज्जातंतूंना वेढून असणाऱ्या आवरणाच्या पेशी. ज्या पेशीनें त्याला खाऊन टाकावयाचें तिच्याच पोटांत तो बिऱ्हाड करतो, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट अशी कीं, बहुसंख्य माणसांना हा रोग होतच नाहीं. शंभरांपैकीं सुमारें पंचाण्णव जणांचें शरीर या जंतूचा आपोआप बंदोबस्त करतें. बाबा आमटे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयांत कुष्ठरोगाचें शिक्षण घेत असतां त्यांनीं जंतु टोचून घेण्यासाठीं स्वतःचें शरीर पुढें केलें आणि तरीहि त्यांना रोग जडला नाहीं, असें त्यांच्या चरित्रांतून सांगितलेलें आहे. त्यांच्या धैर्याविषयीं बोलावें तितकें थोडेंच. परंतु त्या धैर्याच्या पाठीशीं निसर्गाचा हाहि नियम उभा होता.

उरलेल्या मोजक्या लोकांना रोग होतो, आणि येथेंच खरें कोडें सुरू होतें. त्यांपैकीं एकाच्या अंगावर एखाददुसरा फिकट वा तांबूस चट्टा उठतो. त्याची कड स्पष्ट असते, त्यावर स्पर्श कळत नाहीं, आणि त्यांतील कातडीचा कण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तर जंतु जवळजवळ सांपडतच नाहींत. दुसऱ्याच्या सर्वांगाची कातडी जाड होते, चेहऱ्यावर गांठी येतात, भुवया झडतात, कानाच्या पाळ्या सुजतात, आणि त्याच्या कातडींत जंतूंचे अक्षरशः थवे दिसतात. पहिल्या प्रकाराला 'ट्युबरक्युलॉइड' आणि दुसऱ्याला 'लेप्रोमॅटस' म्हणतात. यांच्या मधल्याहि पायऱ्या आहेत. १९६६ सालीं रिडले आणि जॉपलिंग यांनीं या दोन टोकांसह त्यांचे पांच वर्ग पाडून दिले. जंतु एकच, आणि तोहि जगांत सर्वत्र जवळजवळ एकाच घडणीचा. मग रोगाचीं रूपें इतकीं भिन्न कां?

पूर्वीं याचें उत्तर पूर्वजन्मींच्या पातकांत शोधलें जाई. शास्त्रज्ञांना पहिला धागा मिळाला तो जपानच्या मित्सुदा यांनीं प्रचारांत आणलेल्या एका त्वचापरीक्षेंत. मेलेले कुष्ठजंतु त्वचेंत टोंचले असतां तीन-चार आठवड्यांनीं पहिल्या प्रकारच्या रोग्याला तेथें टणक गांठ येते. दुसऱ्या प्रकारच्या रोग्याला कांहींच होत नाहीं. त्याचें शरीर इतर जंतूंशीं नीट झगडतें, परंतु या एका जंतूच्या बाबतींत तें जणूं डोळे मिटून घेतें. म्हणजे भेद जंतूंत नसून रोग्याच्या प्रतिसादांत आहे, इतकें कळलें. प्रतिसादांतला तो भेद कशाचा, हें कळावयास मात्र विसावें शतक संपत यावें लागलें.

१९८६ सालीं मॉसमन आणि कॉफमन यांनीं उंदरांच्या पेशींवर प्रयोग करून दाखविलें कीं, प्रतिकाराची दिशा ठरविणाऱ्या ज्या मदतनीस टी-पेशी आहेत, त्यांच्यांत दोन तऱ्हा असतात आणि प्रत्येक तऱ्हा वेगळे निरोप धाडते. मनुष्याच्या रोगांत असें कांहीं घडतें काय, हें पाहावयाला कुष्ठरोगाइतकें सोयीचें दुसरें ठिकाण कोणतें? १९९१ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें यामामुरा, मॉडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन्ही प्रकारच्या रोग्यांच्या चट्ट्यांतील कातडी घेऊन त्यांत कोणकोणते निरोप लिहिले जात आहेत तें तपासलें. उत्तर स्वच्छ निघालें. जेथें जंतु जवळजवळ नव्हते, तेथें इंटरल्यूकिन-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा हे चेतविणारे निरोपे आढळले. जेथें जंतूंचे थवे होते, तेथें इंटरल्यूकिन-४, ५ आणि १० यांचें प्राबल्य होतें.

याचा अर्थ असा. भक्षक पेशीनें जंतु गिळला म्हणजे तो मेला असें नव्हे. त्याला आंत मारून टाकण्यासाठीं तिला हुकूम लागतो, आणि तो हुकूम म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा. तो पोंचला कीं भक्षक पेशी खवळून उठते आणि आपल्या पोटांतील जंतु नष्ट करते. उलट इंटरल्यूकिन-१० चा निरोप पोंचला कीं ती शांत राहते. अशा रोग्याच्या रक्तांत त्या जंतूविरुद्धचीं प्रतिद्रव्यें भरपूर असतात. परंतु पेशीच्या पोटांत दडलेल्या जंतूपर्यंत तीं पोंचत नाहींत. चोर माजघरांत शिरलेला असतां राखणदारानें वेशीवर गस्त घालावी, तशी ही स्थिति होते.

हें ऐकून कोणाच्याहि मनांत सहज येईल कीं, मग ज्याच्या शरीरांत हा हुकूम निघत नाहीं, त्याला तो बाहेरून द्यावा, म्हणजे झालें. असा प्रयत्न १९८६ सालापासून प्रत्यक्ष झाला. लेप्रोमॅटस रोग्यांच्या त्वचेंत इंटरफेरॉन-गॅमा टोंचलें, तेव्हां त्या जागचें रूप खरोखरच पालटलें. तेथें टी-पेशी जमल्या आणि जंतु घटूं लागले. परंतु हाच उपचार महिनोन् महिने चालू ठेवला, तेव्हां निम्म्याहून अधिक रोग्यांच्या शरीरांत एक दारुण दाह पेटला. हा अनुभव १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यानें जंतु मारावयाचे, त्याच निरोप्यानें घर पेटविलें. यास्तव इंटरफेरॉन हें कुष्ठरोगाचें नित्याचें औषध होऊं शकलें नाहीं; पण त्या अनुभवानें जो धडा दिला, तोच आजच्या भाषणाचा मुख्य विषय आहे.

कुष्ठरोगावर आज उत्तम औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं १९८१ सालीं रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन या औषधांचा संयुक्त उपचार ठरवून दिला, आणि तो सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळतो. जंतु थोडे असल्यास सहा महिने, अधिक असल्यास बारा महिने औषध घ्यावें लागतें. रिफाम्पिसिनच्या पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत बहुतेक सर्व जंतु निर्जीव होतात आणि रोग्यापासून दुसऱ्यास बाधा होण्याचें भय उरत नाहीं. असें असतांना, उपचार घेतलेल्या माणसाचीं बोटें वांकडीं कां होतात? पाऊल लुळें कां पडतें? डोळा कां जातो?

कारण मेलेले जंतु लगेच नाहींसे होत नाहींत. त्यांचे अवशेष कातडींत आणि मज्जातंतूंत महिनोन् महिने, कधीं वर्षानुवर्षें राहतात, आणि शरीराला त्यांची जाग केव्हां येईल याचा नेम नसतो. ती जाग आली म्हणजे चेतविणाऱ्या निरोप्यांचा लोट सुटतो. यालाच डॉक्टर 'रिॲक्शन' म्हणतात. ती औषधापूर्वीं येते, औषध चालू असतां येते आणि औषध संपल्यावरहि येते. तिचे प्रकार दोन. पहिल्यांत जुने चट्टे एकाएकीं लाल होतात, सुजतात, आणि कोपर, मनगट, गुडघा वा घोटा यांजवळचे मज्जातंतु ठणकूं लागतात. दुसऱ्यांत, ज्याला 'ई.एन.एल.' असें संक्षिप्त नांव आहे, अंगावर लालभडक, हात लावूं न देणाऱ्या गांठी उठतात, ताप भरतो, सांधे धरतात, डोळे लाल होतात. मज्जातंतु हा अरुंद नळींतून जाणाऱ्या दोरीसारखा असतो. त्याला सूज आली म्हणजे पसरावयाला जागा नसते, आणि तो आंतल्या आंत चेंगरला जातो. कुष्ठरोगांतील व्यंगाचा मोठा भाग अशा रीतीनें घडून येतो. जंतूनें वर्षानुवर्षांत जें केलें नाहीं, तें शरीराचा स्वतःचा दाह कांहीं दिवसांत करून जातो.

या दाहांतील एक प्रमुख निरोप्या म्हणजे 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', संक्षेपानें टी.एन.एफ. त्याचें नांव मोठें आशादायक आहे. १९७५ सालीं न्यूयॉर्क येथें तो सांपडला, तेव्हां उंदरांतील अर्बुदाच्या गांठी त्यानें मृत होतात असें दिसलें, आणि कर्करोगाचें औषध हातीं आलें असें अनेकांना वाटलें. पुढें १९८५ सालीं कळलें कीं, दीर्घ रोगांत शरीर झिजविणारा जो पदार्थ दुसरे संशोधक शोधीत होते, तो हाच. अर्बुद मारणारा आणि माणूस झिजविणारा, दोन्ही एकच.

त्याला आवरण्याचें एक औषध अगदीं विचित्र मार्गानें हातीं आलें. थॅलिडोमाइड हें झोपेचें औषध १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत विक्रीस आलें. गर्भवती स्त्रियांनीं तें घेतल्यामुळें हातपाय न फुटलेलीं दहा हजारांवर मुलें जगभर जन्मास आलीं, आणि १९६१ सालीं तें तेथील बाजारांतून काढून घेण्यांत आलें. पुढें १९६४ सालीं जेरुसलेमचे डॉ. शेस्किन यांनीं ई.एन.एल.च्या वेदनांनीं झोप न येणाऱ्या एका रोग्याला तेंच औषध केवळ झोपेसाठीं दिलें. आणि झोप तर आलीच, पण गांठी आणि ताप हेहि ओसरले. असें कां झालें, हें कळावयास आणखी सत्तावीस वर्षें लागलीं. १९९१ सालीं न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, हें औषध भक्षक पेशींना टी.एन.एफ. निर्माण करूं देत नाहीं. आजहि तें निवडक रोग्यांना, कडक देखरेखीखालीं दिलें जातें; गर्भसंभव असलेल्या स्त्रीच्या बाबतींत तर तें टाळण्याकडेच कटाक्ष असतो. सामान्यतः या रिॲक्शनवर प्रेडनिसोलोन हें स्टेरॉइड वापरतात. तें अनेक निरोप्यांचें लेखन एकदमच थांबवितें.

निरोप अडविण्याची ही विद्या कुष्ठरोगापुरती राहिलेली नाहीं. टी.एन.एफ.ला अडविणारीं औषधें आमवातासारख्या संधिरोगांत वापरलीं जातात आणि अंथरुणाला खिळलेलीं माणसें त्यांनीं हिंडूंफिरूं लागलेलीं आहेत. इंटरल्यूकिन-६ चा ग्राहक झांकून टाकणारें टोसिलिझुमॅब हें औषध मूळचें संधिवाताचें. कोविडच्या साथींत त्याच्या कुपीसाठीं लोक रानोमाळ हिंडले. परंतु येथेंहि तोलाचा नियम सुटत नाहीं. आपल्या देशांत पुष्कळांच्या शरीरांत क्षयाचे जंतु निद्रिस्त असतात आणि त्यांच्याभोंवतीं पेशींचा वेढा घालून तो टिकवून धरण्याचें काम टी.एन.एफ. करीत असतो. त्यालाच अडविलें तर वेढा ढिला पडतो आणि क्षय जागा होतो. म्हणून हीं औषधें देण्यापूर्वीं डॉक्टर क्षयाची तपासणी करवितात. ती तपासणी निरर्थक खर्च आहे, असें कोणी समजूं नये.

आतां घरच्या माणसांनीं काय करावें, हें सांगतों. समजा, आपल्या घरांतील कोणी, किंवा आपल्याकडे कामास येणारा कोणी, कुष्ठरोगाचें औषध घेत आहे. तीन-चार महिने झाले आहेत, चट्टे फिके पडत आहेत, आणि एके दिवशीं ते अकस्मात् लालबुंद होतात. अशा वेळीं घरांत काय बोललें जातें? 'औषध उष्ण पडलें', 'औषध बाधलें', किंवा 'रोग उलटला'. मग गोळ्या बंद होतात, लेप आणि झाडपाला सुरू होतो, लोकांना कळूं नये म्हणून माणसाला आंतल्या खोलींत बसविलें जातें, आणि महिन्याभरानें त्याची करंगळी आणि तिच्या शेजारचें बोट आंत वळतें. येथें जंतु हरलेला असतो. हात जातो तो घरच्यांच्या भीतीपायीं.

वास्तविक या प्रसंगीं गोळ्या थांबवावयाच्या नसतात. त्या चालूच ठेवून, त्याच दिवशीं, निदान त्याच आठवड्यांत, डॉक्टरांकडे जावयाचें असतें. चट्टा सुजणें, कोपराच्या आंतल्या बाजूस ठणका लागणें, हातांतून वस्तु निसटणें, चालतांना पायांतील चप्पल नकळत गळून पडणें, पाऊल फरफटणें, पापणी पुरती न मिटणें, डोळा लाल होऊन दुखणें, यांपैकीं एकहि लक्षण नवें दिसलें तर तें तांतडीचें समजावें. मज्जातंतूची दुर्बलता सहा महिन्यांच्या आंतली असेल तर प्रेडनिसोलोननें ती सुधारण्याची चांगली आशा असते; त्यापुढें ती क्षीण होत जाते. हा उपचार कित्येक आठवडे चालतो आणि मात्रा हळूहळू कमी करीत न्यावी लागते. म्हणून तें औषध आपल्या मनानें सुरूहि करूं नये आणि आपल्या मनानें बंदहि करूं नये. आणि औषधाचा काळ संपल्यावर 'सुटलों' म्हणून पाठ फिरवूं नये. पुढील कांहीं वर्षें हात, पाय आणि डोळे यांवर लक्ष ठेवावें.

हा प्रश्न इतिहासजमा झाला, असें कोणी म्हणेल, तर तें खरें नाहीं. दर दहा हजार लोकांमागें एकाहून कमी रोगी, ही मर्यादा आपल्या देशानें २००५ सालच्या अखेरीस गांठली, आणि तेव्हांपासून बऱ्याच लोकांना हा रोग संपला असें वाटूं लागलें. परंतु २०२२-२३ या एका वर्षांत देशांत एक लाखाहून अधिक नवे रोगी नोंदले गेले. जगांतील निम्म्याहून अधिक नवे रोगी भारतांतले असतात. आपल्या पूर्वेकडील गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत या रोगाचें ठाणें अद्यापि उठलेलें नाहीं. त्या बाजूनें नागपुरांत शिक्षणासाठीं, मजुरीसाठीं आणि औषधोपचारासाठीं माणसें रोज येतात.

कायद्यानें आपली समजूत थोडी सुधारून घेतली आहे. कुष्ठरोग्यांना वेगळें कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ सालचा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. पति वा पत्नीला कुष्ठरोग आहे, एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ सालीं कायद्यांतून काढून टाकण्यांत आली. सहा-बारा महिन्यांत बरा होणारा रोग हें संसार मोडण्याचें कारण जुन्या भीतीच्या जोरावर चालत आलें होतें. घराच्या उंबरठ्याच्या आंत मात्र अजून तीच भीति नांदते.

त्या भीतीवर शास्त्राचें उत्तर सरळ आहे. ज्याला हा रोग झाला, त्याच्या हातून कांहीं पाप घडलेलें नाहीं आणि त्याचें रक्तहि बिघडलेलें नाहीं. एका सामान्य, आळशी जंतूविषयीं त्याच्या पेशींनीं एकमेकींना धाडलेले निरोप जरा निराळे पडले, एवढेंच. आज औषधाच्या गोळ्या जंतूचा समाचार घेतात. निरोपांचा तोल डॉक्टर सांभाळूं शकतात. परंतु रोग्याला वेळींच दवाखान्यांत नेणें हें काम कोणतेंहि औषध करीत नाहीं. तें घरच्या माणसांनाच करावें लागतें, आणि त्यासाठीं हातीं असलेला अवधि फार थोडा असतो. चट्टा लाल झालेला दिसला तर पंचांग पाहूं नये, शेजाऱ्यांना विचारीत बसूं नये. दवाखान्याची वाट धरावी.